सोयाबीनचा ओलावा हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने कसा तपासावा

इंदूरच्या छावणीतल्या धान्य बाजारातून आणलेले ओंजळभर सोयाबीन डोळ्यांना एकसारखे पिवळे दिसते. त्यातला ओलसर दाणा हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याला ओळखता येतो, कारण साध्या कॅमेऱ्याच्या तीन रंगांऐवजी तो प्रत्येक पिक्सेलसाठी शंभर-दोनशे अरुंद तरंगपट्ट्यांची नोंद करतो.

आधी तरंगलांबीचा पल्ला ठरवावा. पाणी ९७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, त्यामुळे ४०० ते १००० नॅनोमीटरचा सिलिकॉन कॅमेराही चालतो, मात्र त्या टोकाला त्याची संवेदनशीलता बरीच घटलेली असते. तेल आणि प्रथिनेही मोजायची असतील तर ९०० ते १७०० नॅनोमीटरचा, पुष्कळच महाग कॅमेरा लागतो.

प्रकाशासाठी हॅलोजन दिवे घ्यावेत. साध्या पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निकट-अवरक्त भागात (लाल रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगलांबीत) जवळजवळ पोहोचतच नाही. दिव्यांना स्थिर डीसी पुरवठा द्यावा, नाहीतर चित्रात आडवे पट्टे उमटतात. ते अर्धा तास तापू द्यावेत आणि खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करून पडदे ओढावेत.

दाण्यांखाली काय अंथरतो, हे आम्ही पहिल्या वेळी क्षुल्लक समजलो आणि फसलो. काळ्या सुती कापडावर दाणे पसरले, तर निकट-अवरक्त पट्ट्यांत तेच कापड पांढरेफटक उजळले आणि दाण्यांच्या कडा त्यात विरून गेल्या. डोळ्यांना काळा दिसणारा कापडाचा रंग ७०० नॅनोमीटरच्या पुढे बहुधा काळा राहत नाही. काजळी मिसळलेले काळे रबर अंथरावे.

त्यानंतर पांढऱ्या टेफ्लॉनच्या फरशीचे चित्र घ्यावे (छपाईचा कागद नको, त्यातली चमक आणणारी रसायने निळ्या भागात घोटाळा करतात), मग झडप बंद करून अंधाराचे. दाण्याच्या नोंदीतून अंधार वजा करून, फरशीतूनही अंधार वजा करून, पहिल्याला दुसऱ्याने भागले की परावर्तन मिळते. फरशीला बोट लावू नये.

रेषेरेषेने टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दाणे पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा वेग जुळवावा लागतो. २०० मिलिमीटरची रेषा १००० पिक्सेलमध्ये बसली, तर पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा होतो, आणि सेकंदाला १०० रेषा घेताना पट्टा २० मिलिमीटर सरकायला हवा. यासाठी सोयाबीनसारखी मोजपट्टी नाही: दाणे चपटे दिसले तर पट्टा जोरात आहे, लांबट दिसले तर संथ.

आता वाटीभर दाण्यांचे चित्रण करून त्या वाटीचा सरासरी वर्णपट (प्रत्येक तरंगपट्टीतले परावर्तन) काढावा, तेच दाणे १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट मोजावी आणि दोन्ही आकडे जोडून गणिती प्रारूप तयार करावे. वाट्या वेगवेगळ्या पोत्यांतून घ्याव्यात. पडताळणीसाठी मात्र एक आख्खे पोते सुरुवातीपासूनच बाजूला ठेवावे; ज्या पोत्यावर प्रारूप शिकले, त्यातलेच दाणे पुन्हा दाखवले तर उत्तर नेहमीच छान येते.