चुंबकत्व शिकताना आधी सुई पाण्यावर सोडा

पुण्यात बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना मी गेली काही वर्षे प्रयोगशाळेत चुंबकत्वाचे प्रयोग दाखवते आहे, आणि पहिल्या तासाला मी त्यांना एकच प्रश्न विचारते : चुंबक काय करतो? ‘ओढतो’ हे उत्तर एका सुरात येते. एकेकाळी माझेही उत्तर हेच होते. एखाद्या वक्त्याचे व्यक्तिमत्त्व चुंबकीय आहे असे आपण म्हणतो, तेव्हा लोक त्याच्याकडे ओढले जातात एवढेच सांगायचे असते. रोजच्या भाषेतला हा अर्थ मनात इतका घट्ट बसलेला असतो की विज्ञानातला अर्थ कळायला मला दोन वर्षे लागली.

तो कळला प्लास्टिकच्या घमेल्यात. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासून मी थर्माकोलच्या चकतीवर आडवी ठेवली आणि चकती पाण्यावर सोडली. सुई सावकाश फिरली, दोन-तीनदा इकडेतिकडे डोलली आणि उत्तर-दक्षिण स्थिरावली. उत्तरेच्या काठाकडे मात्र ती बोटभरही सरकली नाही. घमेल्याएवढ्या जागेत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखेच असल्यामुळे सुईच्या दोन टोकांवरची बले समान आणि परस्परविरुद्ध असतात, म्हणून ती सुईला वळवतात, पण जागची हलवत नाहीत. लंडनचा होकायंत्र बनवणारा कारागीर रॉबर्ट नॉर्मन याने १५८१ साली छापलेल्या पुस्तकात जवळजवळ हाच प्रयोग आहे. फ्रिजच्या दारावरचा चुंबक चिकटतो, कारण त्याचे क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने बदलते. ओढ निर्माण होते ती या फरकातून. हे एकदा नीट समजले की १८२० साली डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला वीजवाहक तारेजवळची सुई तारेला आडवी वळलेली का दिसली, आणि पंख्याची मोटार फिरते का, या गोष्टी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

प्रयोगांपैकी टॅन्जन्ट गॅल्व्हॅनोमीटरला, म्हणजे तारेच्या उभ्या वेटोळ्याच्या मध्यभागी होकायंत्राची सुई ठेवलेल्या उपकरणाला, पुरेसा वेळ द्या, कारण त्यात पृथ्वीचे क्षेत्र आणि तुम्ही वीजप्रवाहाने निर्माण केलेले क्षेत्र एकाच सुईला दोन काटकोनी दिशांना वळवू पाहतात. वेटोळ्याचे प्रतल आधी उत्तर-दक्षिण जुळवा. काट्याची दोन्ही टोके वाचा. प्रवाह उलटा करून पुन्हा वाचा. आणि कोन ३० ते ६० अंशांच्या दरम्यान राहील एवढाच प्रवाह सोडा, कारण ४५ अंशांच्या आसपास वाचनातल्या चुकीचा उत्तरावर सर्वांत कमी परिणाम होतो. जाण्यायेण्याच्या तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवा, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांना बहुतांशी नाहीशी करतात. सुई किती वळली यावरून पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक काढता येतो; पुण्यात तो ३८ मायक्रोटेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास असतो. माझे उत्तर सलग दोन आठवडे याहून बरेच जास्त येत होते आणि मी सूत्र तपासत बसले होते. दोष होता टेबलाच्या लोखंडी खणाचा. उपकरण लाकडी स्टुलावर नेले आणि उत्तर जुळले. ही अडचण नवख्यांपुरती नाही : मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवावी लागली, आणि तिथली वेधशाळा १९०४ साली सुरू झाली.

पुढे भूभौतिकीकडे, म्हणजे पृथ्वीच्या भौतिकशास्त्राकडे, वळावेसे वाटले, तर पुण्याभोवतीचा काळा दगड हाच तुमचा पहिला पाठ आहे. सिंहगडाचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. त्यातल्या लोहयुक्त खनिजांचे तापमान एका ठराविक मर्यादेखाली उतरताच त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यांच्यात कायमची नोंदली गेली. पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कोन अक्षांशानुसार बदलतो. दख्खनच्या या खडकांतील दिशेचा हा कोन शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मोजला, तेव्हा तो आजच्या महाराष्ट्राच्या अक्षांशाशी जुळेना. लाव्हा थिजला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असे त्यातून निघाले. पाण्यावरची सुई आणि किल्ल्यावरचा दगड यांत चुंबकत्वाचे काम एकच आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना घमेल्यातला प्रयोग झाल्यावरच सिंहगडावर नेते.