नवतपा लागण्याआधी: दुपारी गॅस न पेटवण्याची तयारी

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे काय रांधायचं याच्या आधी कधी रांधायचं ते ठरवावं लागतं. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दरवर्षी जात नाही, पण ४४-४५ ची इथे कुणी बातमीसुद्धा करत नाही. अशा दुपारी ओट्यापाशी उभं राहायचं, आणि तेही पंखा बंद करून, कारण वारा लागला की ज्योत फडफडते. म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे: सकाळी आठला गॅस बंद, तो दिवस मावळल्यावरच पेटणार. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्याच्या आत ही घडी बसलेली बरी.

सुरुवात फडताळापासून करा. भाजायची कामं एप्रिलमध्येच, तीही पहाटे उरकून टाकायची. सातूचं पीठ घरात हवंच. गहू आणि डाळवं भाजून दळलेलं हे पीठ गूळ घालून पाण्यात किंवा दुधात कालवलं की पोरांची चारची भूक भागते. मेतकूट हवं. उडीद भाजून दळलेलं डांगराचं पीठ हवं. ऐनवेळी दही, बारीक कांदा, हिंग आणि तिखट-मीठ घालून कालवलं की पोळीशी लावायला पानात काहीतरी आलं. जवसाची चटणी आणि दाण्याचं कूट बरणीत भरून ठेवा, पण कूट थोडं थोडंच करा, उन्हाळ्यात त्याला लवकर खवट वास येतो. कुरडया-पापड तळायचे असतील तर सकाळच्या स्वयंपाकातच तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की ते रात्रीपर्यंत कुरकुरीत राहतात. मुंबई-कोकणात या भानगडीत पडू नका, तासाभरात मऊ पडतील.

यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बाटलीतली फोडणी. वाटीभर तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्ता घालून एकदाच फोडणी करायची आणि गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची. कढीपत्ता धुऊन पूर्ण वाळलेला असावा आणि तेलात अगदी चुरचुरीत होईपर्यंत तळावा, ओलसर राहिला तर तेल बिघडतं. लसूण आणि हिरवी मिरची मात्र या बाटलीत घालू नका. ओला लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस ठेवणं धोक्याचं असतं. हवा असेल तर त्या दिवशी ठेचून वरून घ्या. आठवडाभराची फोडणी अशी हाताशी असली की कोशिंबीर, दहीपोहे, आंबाडाळ, ताकातला भात यातल्या कशासाठीच गॅस लागत नाही.

आता आदली रात्र. झोपण्याआधी दहा मिनिटं दिली की सकाळचा तास वाचतो. कणीक मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ती घट्ट होते, तेव्हा सकाळी उठल्याबरोबर बाहेर काढून ठेवायची. आंबाडाळ करायची असेल तर हरभऱ्याची डाळ भिजत घाला. मूग किंवा मटकी रात्री भिजवून सकाळी उपसून फडक्यात बांधली तर या उकाड्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात; तिथून पुढे ती फ्रिजमध्येच, नाहीतर बुळबुळीत होते. बुळबुळीत झालेली किंवा वास मारणारी मटकी धुऊन वापरू नका, सरळ टाका. आंबिलीसाठी चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून ठेवा. दही मात्र रात्रभर बाहेर ठेवायचं नाही. हिवाळ्यात रात्रभर लागणारं विरजण या दिवसांत चार-पाच तासांत लागतं, आणि सकाळी उठून बघावं तर दही आंबटढाण झालेलं असतं. संध्याकाळी विरजायचं, झोपताना फ्रिजमध्ये टाकायचं.

सकाळी साडेपाचला उजाडतं. पहिला मान कुकरचा. तूरडाळ अर्धा तास भिजलेली असली तर शिट्ट्या कमी लागतात. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, त्यावर भात आणि सगळ्यात वर झाकणाच्या भांड्यात दोन कैऱ्या. कैरी डाळीत सांडू देऊ नका, आंबटात डाळ शिजत नाही. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिटी उचलली की सगळी वाफ स्वयंपाकघरात पसरते, आणि कूलरच्या घरात ही वाफ फार महागात पडते. कूलर चालतो तो कोरड्या हवेच्या जोरावर. पाणी हवेत उडून जातं तेव्हाच गारवा येतो. हवा आधीच दमट केली तर तो नुसता घोंघावतो. म्हणून सकाळचा सगळा स्वयंपाक खिडक्या सताड उघड्या टाकून आणि एक्झॉस्ट लावून करायचा, आणि खिडक्या-पडदे बंद करायचे ते गॅस बंद झाल्यावर काही वेळाने.

कुकर गार होईस्तोवर पोळ्या. दोन्ही वेळच्या पोळ्या सकाळीच लाटा. संध्याकाळी गरम पोळी पाहिजे असा ज्याचा हट्ट असेल त्याला लाटणं द्यावं. पोळी तव्यावरून थेट डब्यात टाकू नका. आधी जाळीवर वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. नाहीतर खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात आणि संध्याकाळी त्यांना वास येतो. दुसऱ्या शेगडीवर तोवर आंबील: दोन वाट्या पाण्याला उकळी आणा, रात्रीचं कालवलेलं पीठ ढवळत ओता, पाच-सहा मिनिटं हात न थांबवता ढवळा, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घाला. तळाशी चिकटायला लागली आणि वर फुटफुट बुडबुडे यायला लागले की झाली. गार झाल्यावर ती खिरीसारखी घट्ट होते. फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुपारी गार ताक घालून पातळ करायची. एखादी सुकी भाजी याच वेळात होते. रस्सा आणि तळणीचे वडे या महिन्यात विसरा.

शिजवलेलं गार करणं हे खरं जोखमीचं काम आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पाच ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात अन्नातले जंतू वाढतात, आणि मे महिन्यात आपलं अख्खं घरच त्या मध्ये बसतं. एरवी दोन तास बाहेर राहिलेलं चालतं, पण खोलीत बत्तीसच्या वर गेलं की एक तासच धरावा. भात याबाबतीत डाळीपेक्षा लबाड आहे: वास येत नाही तरी बाधतो, आणि पुन्हा गरम केला तरी भरवसा नाही. तेव्हा परातीत माठाचं गार पाणी घ्या, त्यात भाताचं आणि वरणाचं पातेलं ठेवा, भात झाऱ्याने मोकळा करा आणि कोमट झाला की लगेच फ्रिजमध्ये. परात ही आमच्या उन्हाळ्यातली सगळ्यात राबणारी वस्तू आहे. वीज जाणाऱ्या दिवसांत फ्रिज सारखा उघडायचा नाही आणि त्या दिवशी उरवायचंच नाही.

ऑफिसच्या डब्यात दहीभात द्यायचा असेल तर आजीची जुनी युक्ती चांगली आहे. कोमट भातात तो सैल होईल इतकं दूध घालायचं, मीठ आणि बाटलीतली फोडणी घालायची आणि फक्त चमचाभर दही. जेवणाच्या वेळेपर्यंत ते डब्यातच विरजतं आणि भात आंबट न होता मऊ राहतो. सकाळीच पुरतं दही कालवून दिलं तर दुपारी डबा उघडवत नाही.

दुपारचं पान लावायला मग काही उरत नाही. भिजलेली डाळ भरड वाटायची, कैरी किसून घालायची, बाटली उलटी करायची, की आंबाडाळ झाली. ती त्याच दिवशी संपवायची. पोळी, सुकी भाजी, आंबील, पांढरा कांदा. कधी लावलेले पोहे: पातळ पोह्यांवर कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट, कांदा आणि कैरी, हाताने चुरून. आमरस असेल त्या दिवशी दुसरं कुणी काही मागतच नाही. कुकरमधल्या कैऱ्यांचा गर गूळ-वेलची घालून फ्रिजमध्ये असतोच; उन्हातून आलेल्याला माठाच्या पाण्यात दोन चमचे गर आणि चिमूटभर मीठ घालून पन्हं द्यायचं. माठ खिडकीपाशी सावलीत ठेवा, हवा लागली तरच पाणी गार होतं. खिडक्या बंद केल्यावर कूलरच्या झोतात सरकवला तरी चालतो.

रात्री फक्त खिचडी किंवा पिठलं, सातनंतर, वीस मिनिटांत.

राहता राहिला चारचा चहा. तो कुणी सोडत नाही आणि सोडायला सांगायची माझी तयारी नाही. सकाळचा दुधाचा चहा थर्मासमध्ये ठेवला तर चारपर्यंत त्याचा काढा झालेला असतो. त्यापेक्षा विजेची किटली स्वयंपाकघरातून हलवून बैठकीत ठेवा, पाणी उकळून पातेलीत पत्तीवर ओता, झाकण ठेवा आणि पाच मिनिटांनी गाळून दूध-साखर घाला. दूध किटलीत उकळायचं नाही, तळाला लागतं आणि मग भर दुपारी ती घासत बसावं लागतं.