ग्रंथालयातील आरोग्यविषयक काम: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

पुण्याला सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात 1848 सालची, तर राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. तरीही ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करून देवघेव किंवा संदर्भ विभागात रुजू होणाऱ्या तरुणांना एक गोष्ट कुणी आवर्जून सांगत नाही. आपल्यासमोर येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेचसे आरोग्याचे असतात. फक्त ते सरळ विचारले जात नाहीत.

एक मध्यमवयीन बाई "पथ्याच्या पाककृतींचं एखादं पुस्तक द्या," म्हणून आल्या होत्या. पाककृतींच्या कपाटाकडे बोट दाखवून मला मोकळे होता आले असते. "पथ्य कुणासाठी हवंय, काकू?" एवढेच विचारले, तेव्हा कळले की सून गरोदर आहे, तपासणीत साखर वाढलेली निघाली आहे आणि घरात प्रत्येक जण वेगळाच सल्ला देतो आहे. त्यांना पाककृतींचे पुस्तक नको होते, तर गरोदरपणातील मधुमेहाविषयी सोप्या मराठीत लिहिलेली विश्वासार्ह माहिती हवी होती. तशी पुस्तके काढून दिली आणि आहार मात्र तिच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, असेही सांगितले. हा दुसरा भाग मी कधीही गाळत नाही. आपण माहिती शोधून देतो, औषध किंवा मात्रा सुचवत नाही, आणि वाचकाने कितीही आग्रह केला तरी ही सीमा ओलांडायची नसते.

आरोग्याच्या कपाटाची निगा हे माझ्या मते या कामातील सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. ड्युई दशांश वर्गीकरणातील, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीतील, 610 ते 619 हा वैद्यक व आरोग्याचा गट वर्षातून एकदा तरी पुस्तकागणिक तपासावा. क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. जुन्या पुस्तकांत आठवड्यातून तीन दिवस गोळ्या घेण्याची पद्धत दिलेली असते; 2017 मध्ये देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाने रोज गोळ्या घेण्याची पद्धत स्वीकारली. असे पुस्तक कपाटात राहिले, तर एखादा रुग्ण त्यावर भरवसा ठेवून मधले दिवस सोडेल. कथा-कादंबऱ्यांच्या निर्लेखनात, म्हणजे जुनी पुस्तके संग्रहातून काढून टाकताना, जी हळहळ वाटते, ती इथे आड येऊ देऊ नये.

तितकीच महत्त्वाची गोष्ट गोपनीयतेची. मानसिक आजार, एचआयव्ही किंवा वंध्यत्वावरील पुस्तकाची नोंद करताना त्याचे नाव मोठ्याने उच्चारू नये. पेठांमधल्या ग्रंथालयांत सभासद एकमेकांना ओळखतात, रांगेत मागे शेजारीच उभा असतो. पुस्तक कुणाकडे आहे, हे दुसऱ्या सभासदाने विचारले तरी सांगू नये. पुस्तक परत आले की कळवू, एवढे उत्तर पुरे.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा वृत्तपत्र वाचनकक्षात रोज तीच चर्चा असे आणि अफवाही तितक्याच. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, मात्र दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या जंतुसंसर्गानंतर तो उद्भवू शकतो. एवढी माहिती आणि पाणी उकळून पिण्याची सूचना ठळक अक्षरांत सूचनाफलकावर लावली, की वाचक फलकापाशी थांबून ती टिपून घेत. अशा वेळी फलकावरील मजकूर महापालिकेच्या किंवा शासनाच्या पत्रकातूनच घ्यावा आणि त्यावर तारीख घालावी.

याखेरीज योजनांची कामे असतात. आयुष्मान भारत योजनेत 2024 पासून सत्तर वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते, हे वाचनकक्षात रोज येणाऱ्या अनेक ज्येष्ठांना ठाऊक नसते. रुग्णवाहिकेचा 108 आणि मानसिक आधारासाठी असलेल्या टेलिमानसचा 14416 हे क्रमांक टेबलावर कायम ठेवा. शिवाय रुजू झाल्यावर लवकरात लवकर जवळच्या महापालिका दवाखान्यात जाऊन तिथल्या परिचारिकांशी आणि आशा सेविकांशी ओळख करून घ्या. लसीकरणाचा दिवस कोणता, क्षयरोगाची तपासणी कुठे होते, हे त्यांच्याकडूनच नेमके कळते आणि वाचकाला नुसते "दवाखान्यात जा" न म्हणता कुठल्या दिवशी, कुणाकडे जायचे, हेही सांगता येते.