टाय रॉड एंड बदलताना टो जागेवर ठेवा

जुन्या पिकअपचा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा टोकाचा सांधा) अंदाजाने बसवला की टो, म्हणजे वरून पाहता पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडतो आणि पुढचे टायर एका कडेने झिजतात. पुण्याच्या नाना पेठेतून नवा एंड आणलात, तरी जुना खोलण्याआधी रॉडवर पंचने खूण करून तिथपासून बॉल-पिनच्या (एंडमधल्या गोल डोक्याच्या खिळीच्या) मध्यापर्यंतचं अंतर मोजा.

चेकनट (एंडला रॉडवर घट्ट धरणारा नट) पाव फेराच सैल करा. बॉल-पिनच्या नटातली स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडलेली तार) काढा, तो नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या. हातोडा बॉल-पिनवर नको, आटे चेपतात. नकलच्या (चाकामागच्या, स्टिअरिंगने वळणाऱ्या भागाच्या) कानावर, जिथे बॉल-पिन बसते तिथे, आडवा मारा. एंड काढताना फेरे मोजा, नवा तेवढेच फेरे बसवा. तरी अंतर जुळत नसेल तर मोजलेलं अंतरच धरा, नव्या एंडची लांबी वेगळी असू शकते.

स्प्लिट पिनचं भोक जुळेना? नट पुढेच आवळा, मागे कधीही घेऊ नका. स्प्लिट पिन नवीच घाला. अलाइनमेंट तपासल्याशिवाय कात्रज घाटात गाडी नेऊ नका.