लष्कराचा डिस्चार्ज 'ऑनरेबल' नाही आणि अमेरिकेत मेडिकलला अर्ज करायचाय? या चुका टाळा

अमेरिकन लष्करातून 'ऑनरेबल'पेक्षा (सन्माननीय) खालच्या दर्जाचा डिस्चार्ज, म्हणजे सेवेतून सुटका, मिळाली म्हणून मेडिकल स्कूलचं दार बंद होत नाही. तसा सरसकट नियम कुठेच नाही. अर्ज अडकतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने: कागदावर एक लिहिलेलं असतं आणि अर्जात दुसरंच सांगितलेलं असतं. मेडिकल स्कूल, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण), रुग्णालय आणि राज्याचं मेडिकल बोर्ड अशा चार ठिकाणी हा विषय निघू शकतो आणि चारही ठिकाणी उत्तर एकच असावं लागतं. खालच्या चुका याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आपला डिस्चार्ज नेमका कोणता, हेच माहीत नसणं

'मला काढून टाकलं' किंवा 'मी लवकर बाहेर पडलो' एवढ्यावर अर्ज भरता येत नाही. प्रशासकीय मार्गाने मिळणारे तीन दर्जे आहेत: ऑनरेबल, जनरल (अंडर ऑनरेबल कंडिशन्स) आणि अदर दॅन ऑनरेबल. बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे दोन मात्र कोर्ट-मार्शलच्या (लष्करी न्यायालय) शिक्षेतूनच येतात. त्यातही डिसऑनरेबल फक्त सर्वांत वरचं, म्हणजे जनरल कोर्ट-मार्शल देऊ शकतं. अधिकाऱ्यांच्या बाबतीत त्याच्या जागी 'डिसमिसल' असतं. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या काळातच बाहेर पडलेल्यांना 'एन्ट्री लेव्हल सेपरेशन' मिळतं. त्यात सेवेचा दर्जा ठरवलेलाच नसतो, त्यामुळे त्याला वाईट डिस्चार्ज म्हणणंही चूक आणि ऑनरेबल म्हणणंही चूक.

हे सगळं सुटकेच्या वेळी मिळणाऱ्या डीडी-२१४ या फॉर्मवर असतं. रकाना २४ मध्ये सेवेचा दर्जा, २५ मध्ये कोणत्या नियमाखाली सोडलं ते, २६ मध्ये सेपरेशन कोड, २७ मध्ये पुन्हा भरती होता येईल का याचा कोड आणि २८ मध्ये कारण शब्दांत. पुष्कळांकडे या फॉर्मची छोटी प्रत असते. तिच्यात हे रकाने नसतात आणि मग माणूस आठवणीवर अर्ज भरतो. 'मेंबर-४' ही पूर्ण प्रत हवी. ती हरवली असेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून एसएफ-१८० फॉर्म भरून किंवा ऑनलाइन मागवता येते. अर्जाचा एक शब्दही लिहिण्याआधी ही प्रत हातात असली पाहिजे.

जनरलला ऑनरेबल समजणं

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि ती भल्या मनाने होते. 'अंडर ऑनरेबल कंडिशन्स' वाचलं की वाटतं, म्हणजे ऑनरेबलच. तसं नाही, तो वेगळा दर्जा आहे. एमडी कॉलेजांसाठीच्या एएमसीएएस या सामायिक अर्जात लष्करातून सुटका झाली असेल तर ती ऑनरेबल होती का हे सांगावं लागतं आणि नसेल तर खुलासा द्यावा लागतो. रकाना २४ मध्ये 'जनरल' असेल तर उत्तर 'नाही' आहे. डीओ (ऑस्टिओपॅथिक) कॉलेजांसाठीचा एएसीओएमएएस आणि टेक्सासचा टीएमडीएसएएस हे अर्ज वेगळे आहेत, त्यांच्या प्रश्नांची शब्दरचनाही वेगळी असते. एका अर्जातलं उत्तर दुसऱ्यात उचलून चिकटवू नका, प्रत्येक प्रश्न नव्याने वाचा.

'सहा महिन्यांनी आपोआप बदलतो' या समजुतीवर बसून राहणं

वर्षानुवर्षं ऐकवली जाणारी ही गोष्ट खोटी आहे. कुठलाही डिस्चार्ज आपोआप बदलत नाही. अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाची. फॉर्म डीडी-२९३, मुदत डिस्चार्जपासून १५ वर्षं. जनरल कोर्ट-मार्शलने दिलेला डिस्चार्ज हे बोर्ड तपासू शकत नाही. इथे नुसत्या कागदपत्रांवर निर्णय मागता येतो किंवा सुनावणीला हजर राहता येतं. आधी कागदपत्रांवर मागितला आणि नकार आला, तर १५ वर्षांच्या आत सुनावणीची संधी उरते. उलट क्रमाने तसं होत नाही, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा.

दुसरी वाट रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाची. फॉर्म डीडी-१४९, मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ही मुदत माफ करू शकतं. १५ वर्षं उलटून गेलेल्यांना हीच वाट.

बोर्डाला 'मला डॉक्टर व्हायचंय, म्हणून दर्जा वाढवा' असं लिहिणं ही इथली मोठी चूक. पुढची संधी हे कारण एकटं पुरत नाही. निर्णयात चूक होती किंवा अन्याय झाला, हे दाखवावं लागतं. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताण), मेंदूची इजा, लैंगिक अत्याचार किंवा मानसिक आजार यांचा संबंध असेल तर २०१७ चा कर्टा मेमो, म्हणजे संरक्षण खात्याने बोर्डांना दिलेल्या सूचना, वाचाच. त्यात बोर्डाने चार प्रश्न विचारायचे आहेत: गैरवर्तनाची तीव्रता कमी ठरवू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्यामुळे ती तीव्रता खरोखर कमी ठरते का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. अर्जात या चार प्रश्नांना याच क्रमाने, पुराव्यासह उत्तरं द्या: सेवेतले वैद्यकीय कागद, कामगिरीचे अहवाल, घटना माहीत असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं. २०१८ चा विल्की मेमो दयेच्या आणि न्यायाच्या मुद्द्यांवर आहे. सुटकेनंतरचं वर्तन, मधला काळ, चारित्र्याचे दाखले हे सगळं त्यात धरलं जातं, म्हणजे मेडिकलसाठी तुम्ही जे काम करत आहात तेच इथेही उपयोगी पडतं.

समलिंगी असल्याच्या कारणावरून जुन्या 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' धोरणाखाली बाहेर काढलं असेल, तर ते धोरण २०११ मध्ये संपलं आहे. अशा प्रकरणात दर्जाबरोबर रकाना २८ मधलं कारणही बदलून मागा. दर्जा सुधारला आणि कारण तसंच राहिलं, तर प्रश्न पुन्हा येणारच.

वेळेचा हिशेब आधी मांडा. दुरुस्ती बोर्डांना कायद्याने कमाल १८ महिने मिळतात. एएमसीएएस दर वर्षी मेच्या सुमारास उघडतो. मार्चमध्ये फॉर्म पाठवून जूनपर्यंत निकाल येईल या भरवशावर राहू नका. निकाल लागलेला नसेल तर आज जो दर्जा आहे तोच लिहा आणि 'सुधारणेसाठी अर्ज केला आहे' अशी एक ओळ जोडा. दर्जा मध्येच बदलला तर नव्या प्रतीसह कॉलेजांना लगेच कळवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅम ही संस्था आणि अनेक लॉ स्कूलची व्हेटरन्स क्लिनिक हे काम विनामूल्य घेतात.

खुलासा लिहिताना घसरणं

समजा, रकाना २८ मध्ये 'मिसकंडक्ट (ड्रग अब्यूज)' आहे आणि उमेदवार लिहितो: 'वरिष्ठांशी मतभेद झाल्याने प्रशासकीय कारणास्तव मला लवकर सोडण्यात आलं.' डीडी-२१४ मागवली की हा खुलासा संपला. त्याच्याबरोबर उमेदवाराची विश्वासार्हताही संपली. गांजाचं प्रकरण असेल तर 'त्या राज्यात तो कायदेशीर होता' हे वाक्यही लिहू नका. सैनिकाला लष्करी कायदा लागू असतो, आणि प्रवेश समितीला त्या वाक्यात फक्त सबब दिसते.

त्याऐवजी असं: '२०१९ च्या मार्चमध्ये लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश आढळला. मी गांजा घेतला होता. जूनमध्ये जनरल डिस्चार्ज मिळाला, नोंदलेलं कारण ड्रग अब्यूज. त्यानंतर मी समुपदेशन पूर्ण केलं आणि २०२१ पासून रुग्णवाहिकेवर ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) म्हणून काम करतो. तिथे माझ्या नियमित तपासण्या होतात.' तारीख, कृत्य, कबुली, कागदावरचं कारण, नंतर काय बदललं. इतकंच. युनिटमधलं राजकारण, कमांडरचा स्वभाव, इतरांनीही तेच केलं होतं, हे सगळं गाळा. खरंच अन्याय झाला असेल तर त्याची जागा बोर्डापुढच्या अर्जात आहे. इथे एका वाक्यात उल्लेख पुरे.

पर्सनल स्टेटमेंट या विषयाने भरून टाकू नका. तिथे वैद्यकशास्त्र का, हे सांगायचं असतं. आणि उलट टोकाला जाऊन लष्कराची वर्षंच कामांच्या यादीतून गाळू नका. चार वर्षांची पोकळी लगेच डोळ्यांत भरते. शिवाय मेडिक किंवा कोअरमन (नौदलातला मेडिक) म्हणून रुग्णांना हात लावलेला असेल तर तो तुमचा सगळ्यात भक्कम अनुभव आहे.

गरजेपेक्षा जास्त सांगणं

ही चूक प्रामाणिक माणसं करतात, म्हणून तिच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. आर्टिकल १५ खालची, म्हणजे खटल्याविना कमांडरने दिलेली शिक्षा म्हणजे गुन्हेगारी दोषसिद्धी नव्हे. समरी, म्हणजे सर्वांत खालच्या स्तराचं कोर्ट-मार्शलही फौजदारी न्यायालय धरलं जात नाही. स्पेशल आणि जनरल कोर्ट-मार्शलची गोष्ट वेगळी: तिथली दोषसिद्धी खरी दोषसिद्धी असते, आणि ती 'फेलनी'च्या (गंभीर गुन्हा) रकान्यात जाते की 'मिसडिमिनर'च्या (किरकोळ गुन्हा), हे लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवा. राज्याच्या न्यायालयाने एखादी नोंद पुसली तरी त्याने डीडी-२१४ बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

प्रवेश मिळाल्यावर कॉलेजं पार्श्वभूमी तपासणी करून घेतात. त्यात काय दिसेल हे आधीच पाहून ठेवा: एफबीआयकडून स्वतःची 'आयडेंटिटी हिस्ट्री समरी' १८ डॉलरमध्ये मागवता येते. लष्करी तपास यंत्रणेने बोटांचे ठसे घेतले असतील, तर खटला न चालताही तिथे नोंद असू शकते.

वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमीतून ऑनर कोडच्या (प्रामाणिकपणाचे नियम) कारणाने बाहेर पडला असाल, तर ती शैक्षणिक संस्थेची कारवाईही ठरते. तिच्यासाठी अर्जात वेगळा प्रश्न आहे, तिथे ती वेगळी नोंदवा.

पैशाचं गणित चुकणं

पोस्ट-९/११ जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या योजनेचे शिक्षणाचे पैसे ऑनरेबल डिस्चार्जवरच मिळतात. जनरलवर नाहीत. 'व्हीए'ने (माजी सैनिकांचं सरकारी खातं) तुमची सेवा उपचारांसाठी पात्र ठरवली, तरी त्या निर्णयाने डिस्चार्जचा दर्जा बदलत नाही आणि मेडिकलच्या अर्जातलं उत्तरही नाही. मेडिकलचा खर्च उचलणारी लष्कराची एचपीएसपी शिष्यवृत्ती अधिकारी म्हणून पुन्हा सेवेत घेण्याशी जोडलेली आहे, त्यामुळे तिच्यावर बजेट बांधू नका. केंद्र सरकारच्या कर्जात १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं कर्ज मिळणार नाही, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आहे. जीआय बिल नसेल तर राज्याच्या कॉलेजांना पहिली पसंती द्या.

नागरिकत्वाचा धागा विसरणं

२००९ ते २०१६ या काळात मावनी या, खास भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या परदेशी नागरिकांच्या भरतीच्या योजनेतून हिंदी येणारे अनेक भारतीय विद्यार्थी अमेरिकन लष्करात गेले आणि त्यातून नागरिक झाले. सेवेच्या आधारे मिळालेलं नागरिकत्व, पाच वर्षांची ऑनरेबल सेवा पूर्ण होण्याआधी 'अदर दॅन ऑनरेबल' परिस्थितीत सुटका झाली तर रद्द करता येतं. कोणी अशा स्थितीत असेल तर मेडिकलच्या अर्जाआधी इमिग्रेशन वकील गाठा.

प्रवेशानंतर कागद फेकून देणं

व्हीए रुग्णालयातल्या रोटेशनसाठी ओएफ-३०६ हा केंद्रीय फॉर्म भरावा लागू शकतो. त्यात लष्करी सेवेच्या तारखा आणि डिस्चार्जचा प्रकार विचारतात, आणि गेल्या ७ वर्षांत कोर्ट-मार्शलमध्ये दोषी ठरलात का, हेही. त्यानंतर रेसिडेन्सी आणि राज्याचा परवाना. डीडी-२१४ ची पूर्ण प्रत, बोर्डाचे निर्णय, मेडिकलच्या अर्जात लिहिलेला खुलासा जसाच्या तसा आणि समुपदेशन पूर्ण केल्याची पत्रं एका फाइलमध्ये ठेवा. नवा फॉर्म आला की आधी ती फाइल उघडा, मग लिहायला घ्या.