घरी बनवलेली जुनी गवत कापायची यंत्रं जमवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरगुती यंत्राला कंपनीच्या यंत्राचा न्याय लावणं. एडविन बडिंगनं १८३० साली इंग्लंडात फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली ती कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. पुढं कारखान्यांनी तीच घडण ठरीव साच्यात काढली. आपल्याकडच्या जुगाडात मात्र चाक सायकलचं, पातं कडबा कापायच्या यंत्राचं, दांडा नळाच्या पाइपचा. भाग जुळत नाहीत म्हणून ‘नकली’ ठरवू नका. बेळगावात ही सामग्री फार आधीपासून होती: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान इथंच काढलं, कडब्याची यंत्रंही पुढं त्यांनीच केली.

मग बघायचं काय? झीज. दांडा हाताळून गुळगुळीत झालाय, पण चाकाच्या बुशात (आस फिरतो त्या नळीत) जराही खेळ नाही, तर कुणीतरी दांडा मुद्दाम घासलाय. फिरती पाती नि खालची स्थिर पट्टी एकमेकांवर घासून एकत्रच झिजलेली हवीत.

गंजावर विसंबू नका. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात नवं लोखंड एका मोसमात तांबडं होतं. ताजा गंज बोटाला लागतो, जुना काळपट नि थरांचा असतो. इंची आट्यांचा बोल्ट दिसला म्हणूनही हुरळू नका. दशमान मापांचा कायदा १९५६ चा असला तरी इंची बोल्ट बाजारात त्यानंतरही मिळत राहिले.

एक चूक माझीच, अजून सलते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या भंगारातून आणलेलं एक यंत्र मी वाळूच्या फवाऱ्यानं लख्ख करून घेतलं. दांड्याखाली छिन्नीनं ठोकलेली दोन अक्षरं होती, बहुधा बनवणाऱ्याची. ती गेली. आता मी आधी फोटो काढतो, मग रॉकेल नि मऊ ब्रश, बस्स.

विकणाऱ्याशी घासाघीस करण्याआधी गप्पा मारा. ‘आमच्या मामानं केलंय की ओ’ असं कुणी म्हणालं, तर मामा कुठं कामाला होते, कुठल्या अंगणात ते फिरायचं, मोडल्यावर काय बदललं, हे विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. यंत्राचा खरा मालक दुरुस्त्या भरभरून सांगतो.

विजेची मोटर बसवलेली असेल तर ‘चालतंय का बघू’ म्हणून प्लग लावू नका. जुन्या वायरचं रबर तडकलेलं असतं, अर्थिंग बहुतेकदा नसतंच. आधी इलेक्ट्रिशियनकडून मेगरनं (वायरीतून वीज गळते का ते दाखवणाऱ्या मीटरनं) तपासून घ्या.