भाऊबीजेला तेरा-चौदाच्या भाच्यांना काय द्यावं?

या वयाच्या मुलांसाठी आपल्या पसंतीने कपडे आणू नका. गेल्या दिवाळीत मी भाच्यासाठी हौसेने कुर्ता आणला. "छान आहे गं मावशी," म्हणाला आणि घडीही न मोडता कपाटात ठेवून दिला.

त्यापेक्षा आधी बहिणीला हळूच विचारा, सध्या पोराला कशाचं वेड आहे? मग त्या वेडात सतत संपणारी वस्तू द्या. बॅडमिंटन खेळत असेल तर रॅकेट नको, ती त्याची तोच निवडेल. नायलॉनच्या शटलचा डबा आणि रॅकेटच्या मुठीवर गुंडाळायच्या दोन-तीन ग्रिप द्या; घामाने ग्रिप लवकर गुळगुळीत होते. भाची जलरंगात चित्रं काढत असेल तर रंगांची भलीमोठी पेटी दिसायला भारी, पण पातळ कागद पाण्याने फुगतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदाची वही घ्या, रंग तिच्याकडे असतातच.

बूट घ्यायचे तर तिला दुकानात न्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बिल जपून ठेवा.

काहीच सुचलं नाही तर सरळ पैशांचं पाकीट द्या. त्यात कमीपणा कसला? रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार १० वर्षांवरील मुलं बचत खातं स्वतः चालवू शकतात. रकमेची मर्यादा मात्र बँकेत विचारून घ्या.